हात लावण्याआधी

आमच्या बारामती-इंदापूर भागात कुणाच्या कमरेत उसण भरली, की औषधाच्या आधी पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. जन्मताना जो डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आला, तो पायाळू. त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. मी बँकेत अधिकारी झालो त्या काळात शाखेत संगणक नव्हते. पाटावरवंट्याच्या वजनाची लेजरे होती. एका मार्चअखेरीच्या धावपळीत सर्वांत खालच्या फळीवरचे लेजर उचलायला वाकलो, तो तसाच राहिलो. आमच्या शिपायाने बाहेरच्या रांगेत जाऊन आरोळी ठोकली, "पायाळू हाय का कुणी?" एक म्हातारे शेतकरी पुढे आले. वहाण काढून, "माफी करा सायेब," असे म्हणत त्यांनी माझ्या कमरेला तीनदा पाय लावला. सगळी शाखा तोंड लपवून हसत होती. दोन-तीन दिवसांत मी सरळ झालो. अशी उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपली आपणच उतरते, हे मला फार उशिरा समजले. त्या आजोबांचे कर्ज मंजूर झाले ते मात्र त्यांच्या सातबाऱ्यावर, पायावर नव्हे!

ही गंमत आधी सांगून टाकली, कारण पुढची गोष्ट गमतीची नाही.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीतले कुणी विसरणार नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेते होती त्यांचे थोडेफार निभावले. पण आमची जमीन जिरायती. तात्या आणि काकू, म्हणजे माझे चुलते-चुलती, खडी फोडायला जात. शेळ्या सांभाळण्याचे काम माझ्या चुलतभावाकडे होते. मी त्याला दादा म्हणत असे. चौदा वर्षांचा, सातवी पास, आणि अक्षर असे की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार गुरुजी त्याच्याकडूनच लिहवून घेत. शेळ्यांसाठी पाला पाडायला तो लिंबावर चढला, फांदी मोडली आणि उजव्या हातावर पडला. कोपराच्या वर हाड मोडले.

शेजारच्या गावातला एक हाड बसवणारा बोलावला. त्याने हात ओढला, वर कसलासा लेप थापला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि कापडाने करकचून आवळल्या. "बारा दिस सोडायचं न्हाई. सुटलं तर हाड वाकडं बसंल," एवढे सांगून, चहा घेऊन तो गेला. दादा दोन रात्री तळमळत होता. "सैल करा, सैल करा," असे म्हणत होता. मोठी माणसे त्याला धीर देत होती, की हाड धरताना दुखायचेच. तिसऱ्या दिवशी तो शांत झाला. म्हणाला, "आता दुखत न्हाई." घरात सगळ्यांना हायसे वाटले. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

दुखणे थांबले, कारण हात मरू लागला होता. हे घरात कुणाच्याच ध्यानात आले नाही.

माझ्या वडिलांच्या मनात मात्र काही तरी खुटखुटले. ते दादाला घेऊन इंदापूरला एका तालमीच्या वस्तादांकडे गेले. मीही बरोबर होतो. तालमीत खांदा निखळणे, बोट मोडणे हे रोजचेच. त्यामुळे त्या काळी वस्ताद हाच अर्धा हाडवैद्य असे. या वस्तादांची एक रीत होती. आलेल्या माणसाला ते लगेच हात लावत नसत. आधी बसवायचे, पाणी द्यायचे, कसा पडलास, किती वाजता पडलास, त्यानंतर काय काय केलेस, सगळे विचारायचे. पाय दुखणाऱ्याला आधी चार पावले चालायला लावायचे. त्या दिवशी त्यांनी दादाच्या कामट्यांकडे पाहिलेही नाही. आधी त्याची बोटे पाहिली. नख दाबून सोडले आणि ते पुन्हा लाल होते का, याची वाट पाहत राहिले. नख पांढरेच राहिले. "बोटं सरळ कर बरं," असे म्हणत त्यांनी स्वतः एक बोट हळूच उलगडायचा प्रयत्न केला, तसा दादा इतक्या जोराने ओरडला की आखाड्यातली पोरे थांबली. वस्तादांनी चाकूने सगळे बांधलेले कापून टाकले आणि वडिलांना म्हणाले, "ह्यात माझा हात चालत न्हाई. आत्ताच्या आत्ता पुण्याला ससूनला न्या." वडिलांनी खिशात हात घातला, तर रागावले. एसटीच्या भाड्याला कमी पडत असतील तर माझ्याकडून न्या, म्हणाले.

हात कापावा लागला नाही, एवढेच. बोटे कायमची आत वळली, मनगट वाकले. पुढे पुस्तकांत वाचताना कळले की या दशेचे शास्त्रशुद्ध वर्णन रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली करून ठेवले आहे. मोडलेल्या हाताला सूज येते. सुजेला पसरायला जागा मिळाली नाही की ती आतल्या आत रक्तवाहिन्या दाबते, आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. मुलांच्या कोपराजवळचे हाड मोडते तेव्हा हा धोका विशेष असतो. मरणाऱ्या स्नायूच्या जागी चिवट दोरीसारखा भाग तयार होतो आणि तो बोटांना आत खेचून धरतो.

पण फोल्कमानची तरी काय गरज होती? आपल्या सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार तिथे सांगितले आहेत. बांबू किंवा झाडांच्या साली यांच्या पट्ट्या कशा लावाव्यात हे आहे. आणि बांधणे सैल झाले तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट झाले तर सूज, वेदना आणि पू होतो, हेही स्पष्ट लिहिले आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, असा नियम आहे. म्हणजे 'बारा दिवस सोडायचे नाही' हे आमच्या परंपरेचेही म्हणणे नव्हते. परंपरेच्या नावावर खपवलेले ते एका माणसाचे अज्ञान होते. वस्तादांनी सुश्रुत वाचला नव्हता. पण परंपरेतले शहाणपण त्यांच्याकडे पोचले होते.

पुढे मी बँकेत लागलो, आणि काही वर्षांनी बदली होऊन आमच्याच भागातल्या शाखेत आलो. एके दिवशी दादा उसाच्या पीककर्जासाठी आला. नातेवाईक म्हणून त्याचे कागद मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिले. दादा डाव्या हाताने सही करायला शिकला होता. पण दोन सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. बँकेला नमुन्याबरहुकूम सही लागते. शेवटी ठरले की त्याचा अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार म्हणून मी सही करायची. ज्याच्या अक्षराचा फळा सगळी शाळा वाचायची, त्याचा अंगठा मी शाईच्या पॅडवर टेकवला. तो हसून म्हणाला, "शिकलेला अंगठेबहाद्दर!" मी साक्षीदाराची सही केली. तेवढी वेडीवाकडी सही मी नोकरीत दुसरी केली नसेल.

तेव्हापासून हाताने उपचार करणाऱ्या माणसांविषयी जिथे काही दिसेल तिथे मी वाचत आलो आहे. त्यात जगभर एकच कहाणी सापडते. १८६७ साली लंडनमध्ये सर जेम्स पॅजेट या नामवंत शल्यवैद्याने विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिले. विषय होता, 'हाडवैद्य बरे करतात असे रोगी'. तुमचे रोगी त्यांच्याकडे का जातात, ते पाहा. त्यांच्यातले चांगले ते घ्या, वाईट ते टाळा, असा त्याचा मथितार्थ. त्याच देशात, लिव्हरपूलमध्ये, इव्हान थॉमस नावाचा पिढीजात हाडवैद्य होता. त्याने आपल्या मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिले. त्यांतला एक मुलगा ह्यू ओवेन थॉमस. मोडलेल्या मांडीला आधार देणारी 'थॉमस स्प्लिंट' त्याचीच. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती सैन्यात रूढ केली आणि मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांतले मृत्यू झपाट्याने कमी झाले. आपल्याकडच्या अस्थिरोग विभागांतही ही स्प्लिंट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. हाडवैद्याचे ज्ञान असे शाळेत गेले, म्हणून जगाच्या उपयोगी पडले.

अमेरिकेत याच सुमारास अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा डॉक्टर होता. १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुले दगावली. त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली नवी पद्धत जाहीर केली, तीच ऑस्टिओपॅथी. काही काळ तो स्वतःला 'विजेच्या वेगाचा हाडवैद्य' म्हणवून घेत गावोगाव हिंडला. १८९२ साली मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी त्याने शाळा काढली. पहिल्या तुकडीत स्त्रियाही होत्या. शरीर हे एकसंध आहे, एका जागचे दुखणे दुसऱ्या जागेच्या बिघाडातून येऊ शकते, शरीरात स्वतःला सावरण्याची शक्ती आहे आणि वैद्याने हातांनी तिला वाट करून द्यावी, हे त्याचे सूत्र. हाडे जागेवर आणली की बहुतेक सगळे रोग जातात, हा त्याचा अट्टहास मात्र काळाने टाकून दिला. आज अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ औषधे देणारे, शस्त्रक्रिया करणारे पूर्ण डॉक्टर असतात. इंग्लंडमध्ये ते हातांनी उपचार करणारे तज्ज्ञ आहेत. १९९३ च्या कायद्याने तिथे त्यांची नोंदणी परिषद स्थापन झाली आणि नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवता येत नाही.

ही माहिती मी पुस्तकी म्हणूनच बाळगली असती. पण २०१७ साली ती माझ्या पाठीवर आली.

निवृत्तीनंतर मी कादंबरीला बसलो होतो. पाठ दुखू लागली. बसून बसून दुखत असेल, असे घरच्यांचे आणि माझेही मत. कुणी तरी एका 'मणके बसवणाऱ्या'चा पत्ता दिला. मी तिथे तीनदा गेलो. पालथे झोपवायचे, पाठीवर भार द्यायचा, 'कट्' असा आवाज आला की "बसला बघा मणका!" दारात रांग असे. वय काय, कधीपासून दुखते, आणखी काही त्रास आहे का, एवढेही तिथे कुणी विचारले नाही. त्या 'कट्' आवाजाचे मला भारी समाधान वाटे. खरे तर सांध्याच्या वंगणात एकदम पोकळी तयार होते, त्या क्षणी तो आवाज येतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटाच्या सांध्याचे एमआरआय चित्रण करून हे दाखवले आहे. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

त्याच वर्षी मुलीकडे इंग्लंडला गेलो. माझे वेडेवाकडे उठणे-बसणे पाहून तिने मला एका ऑस्टिओपॅथ बाईंकडे नेले. मनात म्हटले, चला, इथेही 'कट्' होणार. बाईंनी अर्धा तास नुसते विचारले. मुलगी दुभाष्याचे काम करत होती. नोकरी काय होती, खुर्ची कशी होती, कुठल्या कुशीवर झोपता, मनाला काही काळजी आहे का. मग प्रश्नांची दिशा बदलली. रात्री पडून राहिल्यावरही दुखते का? दुखते. संध्याकाळी अंगात कणकण असते का? असते. वजन कमी झाले का? पँट सैल झाली होती, पट्ट्याला नवे भोक पाडले होते. पाय बधिर होतात का, लघवीवर ताबा आहे का? मग त्यांनी मला चालायला लावले, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, पाठीच्या कण्यावरून एकेका मणक्यावर बोट फिरवले. एका जागी मी दचकलो. बाईंनी हात काढून घेतला.

"आज मी तुमच्यावर उपचार करणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी." एक सविस्तर चिठ्ठी लिहून दिली.

तपासणीत निघाला मणक्याचा क्षय. मणका पोखरला जात होता. अशा मणक्यावर आणखी दोन-चार वेळा भार पडला असता तर मज्जारज्जू दबून दोन्ही पाय जाऊ शकले असते, असे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. भारतात परतल्यावर वर्षाहून अधिक काळ गोळ्या घेतल्या. क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी पूर्ण बरा झालो. आजारपणात डोळ्यांपुढे येत ते इंदापूरच्या तालमीतले वस्ताद. इंग्लंडच्या त्या बाईंचे आणि वस्तादांचे नाते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण दोघांनी एकच केले. हात लावण्याआधी माणूस पाहिला, आणि आपला हात जिथे संपतो तिथे तो थांबवला.

या बाईंची भलामण करताना ऑस्टिओपॅथीची जाहिरात करण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडे तिला ॲलोपॅथी, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीसारखी स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून मान्यता नाही. तेव्हा कुठे पाटी दिसली तर शिक्षण कुठे झाले हे विचारण्याचा हक्क बजावावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, दुखण्याची नीट समज देणे, मनाला उभारी देणारे उपचार यांच्या जोडीला मालीश आणि मणक्यांवर हाताने केलेले उपचार यांनाही स्थान आहे. कंबरेचे पट्टे आणि वजने लावून ओढणे मात्र सरसकट करू नये, असे म्हटले आहे. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा तिचा अंदाज आहे. एवढ्या लोकांना ऑपरेशन लागत नाही. त्यांना लागतो तो वेळ, आणि जाणता हात.

तो आपल्याकडे नाही असे थोडेच आहे? क्षयातून उठल्यावर मी बारामतीत एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जात असे. पहिल्या दिवशी तिने मला कॉटवरून उठायला सांगितले आणि म्हणाली, "काका, तुम्ही उठताच चुकीचं. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या रेट्यानं उठा." साठीकडे झुकल्यावर मी उठायला शिकलो! तिच्याकडे हंगामात बीडकडच्या ऊसतोड बायका येत. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या परिसरात त्यांचे तळ पडतात. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. या बायका दुकानातून वेदनाशामक गोळी घेतात आणि पुन्हा मोळीखाली जातात. ही मुलगी त्यांना आधी विचारायची, "मोळी कशी उचलता? दाखवा बरं." भिंतीला टेकवलेली उशी मोळी म्हणून उचलून बाई दाखवत असे. विश्रांती घ्या, असे ती त्यांना सांगत नसे. उचल फिटेपर्यंत विश्रांती नाही, हे तिलाही ठाऊक होते. गुडघे कसे वाकवावेत, चुंबळ कशी ठेवावी, रात्री पाय कसे टेकवून पडावे, एवढेच ती शिकवी. दुखणे अंगात असले तरी त्याचे मूळ फळीवर आणि कर्जात असते, हे तिला उमगले होते.

दरवर्षी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते तेव्हा रस्त्याकडेला मांडव पडतात आणि शाळा-कॉलेजांतली पोरे वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळतात. त्या चोळण्याने कुणाचा संधिवात जात नाही. पण आपला थकवा कुणी तरी हातात घेतला, या भावनेने म्हातारा पुढच्या मुक्कामाला उठतो. स्पर्शाची ही ताकद खरी आहे, आणि म्हणूनच ती जोखमीची आहे. स्पर्शावर माणूस चटकन विश्वास टाकतो. तेव्हा हात लावणाऱ्याकडे जाताना चार गोष्टी पाहाव्यात. तो विचारतो का? तपासतो का? 'हे माझे काम नाही' असे कधी म्हणतो का? आणि पट्टी बांधल्यावर 'बोटे गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या, दुखणे वाढतच गेले तर लगेच या' असे सांगतो का? पाठदुखीबरोबर ताप, घटणारे वजन, पायातली शक्ती जाणे, लघवी-संडासचा ताबा सुटणे यांतले काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. आणि हो, दाढी-कटिंगनंतर मान मोडून घेण्याची हौसही सोडावी. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. थोडी असली तरी आहेत.

दादा आता सत्तरीकडे झुकला आहे. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या नातवाच्या डाव्या हाताला प्लास्टर होते. सायकलवरून पडला होता. पोरगा टीव्हीपुढे बसला होता आणि दादा त्याच्याशेजारी. थोड्या थोड्या वेळाने दादा आपल्या डाव्या हाताने त्याचे नख दाबत होता, सोडत होता आणि वाकून बघत होता. पोरगा वैतागून म्हणाला, "आजोबा, किती वेळा? आत्ताच तर बघितलं!"

"लाल झालं," दादा म्हणाला, आणि पुन्हा एकदा दाबून पाहिले.